ड्रॅगन राजाला उन्हात ठेवलं तेव्हा

माझा नवरा मालवाहू जहाजावर आहे. त्या आठवड्यात जहाजाशी संपर्क तुटला होता आणि मी दुबईशेजारच्या अजमानमध्ये शेअरिंगच्या खोलीत फोन धरून बसले होते. कंपनीतला माणूस दर वेळी तेच म्हणायचा, "मॅडम, अपडेट आला की कळवतो, इन्शाल्ला." ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची. पण त्याच्यावर ओरडून जहाज थोडंच सापडणार होतं?

माझी रूममेट चिनी, माझ्याहून मोठी. दुबईच्या देरा भागातल्या एका दुकानात काम करते, हिंदी तिथेच शिकली. तिच्या पलंगापाशी ड्रॅगन राजाची मूर्ती असते. अंगावर राजाचा झगा, तोंड ड्रॅगनचं, पुढ्यात उदबत्ती. समुद्र, पाऊस, होड्या, सगळं त्याच्या हुकमात, असं ती सांगते. मी वसईची कॅथलिक. आमच्याकडे ड्रॅगन म्हणजे सैतान. माझ्या उशाशी त्याला भाल्याने भोसकणाऱ्या घोडेस्वार संताची फ्रेम. दोघांनी एका खोलीत कसे दिवस काढले, त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या दुपारी पाहिलं तर तिची मूर्ती बाल्कनीत, रणरणत्या उन्हात.

"दीदी, ये क्या किया?"

"हमारे गाव में बारिश नहीं आता, तो सब लोग इसको मंदिर से निकालके धूप में रखता. गरमी लगेगा, तब काम करेगा." मग हळूच म्हणाली, "तेरे हजबंड के लिए रखा."

मला आधी हसू आलं, मग रडू आवरेना. इतके दिवस मी नुसती माळ ओढत होते, गयावया करत होते. देवाला जाब विचारायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी उठले, उशाशी टांगलेली फ्रेम काढली आणि मूर्तीशेजारी उन्हात ठेवली. भीती वाटली, तरी ठेवली.

दीदीने फ्रेम निरखून पाहिली. घोड्याच्या टापांखाली तडफडणारा ड्रॅगन तिला दिसलाच असणार. संतावर रेलिंगची सावली पडत होती, म्हणून तिने आपला राजा थोडा सरकवला आणि फ्रेम पुढे ओढली.

ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी दारात बसून होतो. फ्रेमची काच हात लावू देत नव्हती, इतकी तापली. फोन काही वाजला नाही.

"कल फिर रखेगा," दीदी म्हणाली, आणि आम्ही आपापला देव उचलून आत आणला.