कानोत्याहून परतताना

नवरा बँकेत होता, त्याची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो. राजा पार्कात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. इथे माझं म्हणावं असं कुणीच नव्हतं, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. दिवसभर ऑफिसातून त्याचे व्हिडिओ कॉल यायचे. "कुठे आहेस? खोली दाखव." मी फोन फिरवून स्वयंपाकघर दाखवायची, बाल्कनी दाखवायची. किती जीव लावतो, असं वाटायचं मला. हात त्याने कधीच उगारला नाही.

मे महिन्यात एका रविवारी शेजारच्या भाभीजी आणि त्यांचे मिस्टर यांच्याबरोबर आम्ही कानोत्याच्या धरणावर गेलो. मिस्टरांनी काहीतरी विनोद केला, मी खळखळून हसले. परतताना त्यांची गाडी पुढे निघून गेली, आणि आमची याने कडेला घेतली.

"उतर."

"अहो, काय झालं?"

"उतर म्हटलं ना."

मी उतरले. पर्स, फोन सगळं गाडीतच. गाडी गेली. सावलीला एक काटेरी झुडूप, तेही गुडघ्याएवढं. ट्रकवाले हॉर्न वाजवत, वळून बघत जात होते. बऱ्याच वेळाने तो परत आला आणि थंड पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "पी. घसा सुकला असेल." आवाज इतका मायेचा, की मीच म्हणाले, "चुकलं माझं."

पुढे एकदा भाभीजींनी चहाला बोलावलं. मी म्हणाले, "इनसे पूछकर बताती हूँ."

"चाय के लिए भी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग स्वतःचा फोन माझ्या हातात देऊन दारात उभ्या राहिल्या. "मायके लगाओ."

"दादा, मला घेऊन जा," एवढंच बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. नवऱ्याने त्याला आग्रहाने जेवू घातलं, माझी बॅग स्वतः खाली आणली. रिक्षा सुरू होताना वाकून हळूच म्हणाला, "येशीलच."

मी परत गेले नाही. रीतसर घटस्फोट झाला, साताऱ्यात नोकरी लागली, एकटीचं घर झालं. पण अजूनही बाजारातून यायला उशीर झाला की जिना चढता चढता मी उत्तर जुळवत असते. मंडईत गर्दी होती, बस चुकली. विचारणारं कुणी नाही, हे ठाऊक असतं. तरी कुलूप काढण्याआधी ते एकदा पुटपुटून बघते.