‘घ’ घराचा आणि ‘म’ मनीचा

मी मूळची करमाळ्याची. कन्नडशी माझा संबंध एसटीत शेजारी बसणाऱ्यांपुरता. बदली होऊन कर्नाटकच्या सीमेवर, दुधनीजवळच्या मराठी शाळेत आले, तेव्हा वर्गातली निम्मी पोरं आपसात कन्नडमध्ये भांडायची आणि माझ्याकडे तक्रार मराठीत आणायची. भांडण कशावरून झालं ते मला कधीच कळायचं नाही, निवाडा मात्र मलाच करावा लागायचा.

त्या वर्षी सोलापुरात आमचं वाचनाचं प्रशिक्षण झालं. सगळ्या वर्गाला एकत्र शिकवायचं, मागे पडतात त्यांचा छोटा गट करून रोज थोडं जास्त शिकवायचं, आणि तरीही जे अडतात त्यांना एकेकटं जवळ घेऊन बसायचं. मूल मोठं झालं की आपोआप वाचेल म्हणून थांबायचं नाही, पहिली-दुसरीतच हात द्यायचा. पडद्यावर याचा रंगीत त्रिकोण दाखवला. असले त्रिकोण दिसले की मला जांभई येते, पण ही गोष्ट मनापासून पटली.

वर्गात मी त्रिकोणाचं नावही काढलं नाही. छोट्या गटाला चटई अंथरली आणि एकट्या मुलासाठी माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ठेवलं. झालं असं, की पोरांना ते स्टूल म्हणजे मोठा मान वाटायला लागला. घडाघडा वाचणारी एक पोरगी तिथं बसायला मिळावं म्हणून मुद्दाम अडखळत वाचायला लागली. तिला मी हसत हसत जागेवर पाठवलं.

स्टुलाची खरी गरज होती दुसरीतल्या एका मुलीला. घरी सगळे कन्नड बोलणारे, पहिलीचं अर्धं वर्ष आजारपणात गेलेलं. तिचे वडील बाजारात तुरीचा व्यापार करायचे. एक दिवस शाळेत येऊन म्हणाले, “बाई, दिवाळीपतूर बगतो. न्हाय जमलं तर मामाकडं पाटवतो. तितं कन्नड शाळा हाय. पोरीचं वरीस कशाला घालवायचं?” त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. ते गेल्यावर माझा पदर धरून म्हणाली, “मला मामाकडं न्हाय जायचं. आई तर हितं हाय की.”

मग मी कंबर कसली. भिंतीवरचा तक्ता स्टुलापाशी आणला. ‘घ’वर बोट ठेवलं, शेजारी कौलारू घराचं चित्र. ती म्हणाली, “म.” ‘ह’वर बोट ठेवलं, शेजारी हत्ती. ती म्हणाली, “आ.” तेही खणखणीत आवाजात, जराही न कचरता. मी सांगितलं, घ घराचा. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा “म”. रोज हेच. मी मुळात तापट. पोरांवर ओरडायचं नाही असं ठरवलेलं असल्यामुळे माझा सगळा राग खडूवर निघायचा, आणि शाळेतले खडू भराभर संपायला लागले.

एका संध्याकाळी भाजी घेऊन परतत होते. घरमालकीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून नेहमीसारखं म्हणाल्या, “बर्री बाई, मनीगे बर्री.” घरी या, असं त्या रोजच म्हणायच्या. त्या दिवशी मात्र मी पायरीवरच थबकले. मनी म्हणजे घर. घराला मनी. म.

मी तिथंच पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “हत्तीला काय म्हणता हो?”

“आनी,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे काळजीनं बघायला लागल्या.

मी हसत सुटले. पोरगी चुकत नव्हतीच. चित्र बघायची, त्याचं नाव मनात आपल्या भाषेत घ्यायची आणि त्याचा पहिला आवाज अचूक काढून द्यायची. शब्दातून आवाज वेगळा काढणं हेच तर वाचनातलं अवघड काम, आणि ते तिला आधीपासूनच येत होतं. फक्त तिची नजर चित्रावर होती आणि माझी अक्षरावर. इतका आनंद मला नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमची गाडी रुळावर आली. आधी तिचा शब्द, मग माझा, मग दोन्हींचा पहिला आवाज. मासा आणि मीनू, दोघांचा म एकच. कमळ तिच्याकडे कमल, क तोच. अशी जुळणारी अक्षरं आधी घेतली, चित्रं झाकून. मग न जुळणारी. माझे कन्नड उच्चार ऐकून चटईवरचा गट खो खो हसायचा, आणि ती गंभीर चेहऱ्यानं मला पुन्हा म्हणायला लावायची. अक्षरांचे शब्द झाले, तेव्हा मी तिला चटईवर पाठवलं. बढती मिळाली म्हणून बाईसाहेब रुसून बसल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी वडील आले. मी तिच्यापुढे एक गोष्ट ठेवली, तिनं कधी न पाहिलेली. माझ्या हातातल्या खडूचे तुकडे होत होते. ती मजेत पाय हलवत होती. एकेक शब्द बोटानं धरत तिनं वाचायला सुरुवात केली. दोन ओळी नीट गेल्या. मग ‘डोंगर’ आला आणि बोट थांबलं. वरच्या टिंबाकडे ती बघत राहिली. वडिलांना राहवेना. पुढे वाकून ते हळूच म्हणाले, “डों...”

तिनं पुस्तकावरची नजर काढली नाही. नुसता हात वर केला.

“अप्पा, सांगू नका. मी वाचती.”

वडील मागे सरकले. मीसुद्धा सांगायला तोंड उघडलेलं होतं, ते मिटलं. ती पुटपुटली, पुन्हा पुटपुटली, आणि मग म्हणाली, “डोंगर.” लगेच पुढच्या शब्दावर गेली, जसं काही झालंच नव्हतं.

तिचं पान संपेपर्यंत वडील हलले नाहीत. मग उठले, टोपी नीट केली आणि विचारलं, “बाई, दिवाळीनंतर शाळा कदी उगडती?”