चाचांनी स्वतःविरुद्ध दिलेली बातमी

आमच्या दैनिकाचा वर्धापनदिन आला की विशेषांकात त्याचा इतिहास छापतात. संस्थापकांनी बुलढाण्यात एका खोलीत साप्ताहिक कसं काढलं, शिशाचे खिळे जुळवून पहिला अंक कसा छापला, पुढे त्याचं दैनिक कसं झालं, हे सगळं त्यात असतं. कागदाची रिळं नांदुऱ्याच्या स्टेशनवर उतरायची, तिथून टेम्पोनं राजूर घाट चढून यायची आणि टेम्पो अडकला की मालक दारात येरझारा घालायचे, हेही असतं. दरवर्षी तेच. जिल्ह्याच्या पानावर मी इतकी वर्षं काढली की तो मजकूर मला झोपेतही म्हणता येईल. तरी तो वाचला की माझं डोकं फिरतं, कारण चाचांची बातमी त्यात कधीच नसते.

चाचा आमचे मोताळा तालुक्यातले वार्ताहर. गाव रोहिणखेडच्या अलीकडचं. खेड्यातला वार्ताहर म्हणजे पगारी नोकर नव्हे. तोच बातम्या देणार, तोच सकाळी अंक वाटणार, तोच जाहिराती आणणार, आणि पोटापाण्यासाठी त्याचं आणखी एखादं दुकान असणार. कुणाचं किराणा, कुणाचं झेरॉक्स. चाचांचं कृषी केंद्र होतं, गावातलं एकमेव. बियाणं, खत, फवारणीचं औषध आणि आमचा पेपर, सगळं एकाच काउंटरवर मिळायचं.

या मंडळींची एक खोड होती. ते स्वतःबद्दलही परक्यासारखं लिहीत. शाळेत झेंडावंदन झालं की बातमीच्या शेपटीला ओळ यायचीच, 'यावेळी ज्येष्ठ पत्रकार व प्रतिष्ठित व्यापारी अमुक यांची प्रमुख उपस्थिती होती.' अमुक म्हणजे लिहिणारा स्वतः! मी ती ओळ उडवायचे, पुढच्या बातमीत ती पुन्हा हजर. जित्याची खोड, दुसरं काय.

बोंडअळी लागणारच नाही असं सांगत बीटी कापूस आला तेव्हा याच मंडळींनी आमचं पान यशोगाथांनी भरून टाकलं. अमक्या गावात झाडाला किती बोंडं लागली, तमक्यानं फवारणी कशी वाचवली. चाचांच्या गावची तर दर हंगामाला एक यशोगाथा ठरलेली, आणि तिच्या शेवटी त्यांच्या दुकानाचं नाव. आम्हीही आनंदानं छापत होतो. खाली अर्ध्या पानावर बियाणं कंपनीची जाहिरात असायची, पांढऱ्याशुभ्र कापसात हसत उभा असलेला फेटेवाला. तसा शेतकरी मला अख्ख्या जिल्ह्यात कधी दिसला नाही, पण तो माझा प्रश्न नव्हता.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत कुजका कवडी कापूस आणि अळी. प्रत्येक तालुक्यातून तीच बातमी येत होती आणि आम्ही ती जपून छापत होतो. कंपनीचं नाव नको, दुकानाचं नाव नको, 'शेतकरी हवालदिल' एवढंच. मला त्या दिवसांत खुर्चीत धड बसवत नव्हतं. उठायचे, पाणी प्यायचे, पुन्हा येऊन तेच शब्द त्याच जागी बसवायचे.

अशातच एका दुपारी चाचांच्या बातमीचा फोटो मोबाइलवर आला. अक्षर चाचांसारखं, भाषाही नेहमीची. गावातील अमुक कृषी केंद्राच्या संचालकांनी खात्रीचे म्हणून दिलेले कापसाचे बियाणे अळीला बळी पडले असून, सदर संचालकांची चौकशी करावी, अशी ग्रामस्थांची मागणी आहे. मला वाटलं, कुणीतरी चाचांच्या नावानं डाव साधतोय. मी लगेच फोन लावला.

"चाचा, हे दुकान तर तुमचंच आहे."

"हाव. मंग?"

"तुम्हीच लिहिलंय हे?"

"गावचा वार्ताहर मीच हाये ना, ताई. दुसरं कोण लिहिन?"

मी संपादकांकडे गेले. संपादक म्हणजे संस्थापकांचा मुलगा, मनानं वाईट नव्हता, पण येरझारा घालायची सवय वडिलांकडून आलेली. त्यानं मोबाइल हातात घेऊन खोलीला दोन फेऱ्या मारल्या. "वेडा झालाय का हा माणूस? स्वतःविरुद्ध कुणी बातमी देतं? आणि कंपनीवाले आपल्याला विचारतील ते वेगळंच." मग उपाय सुचल्यासारखा थांबला. "असं करा, 'एका कृषी केंद्राच्या' म्हणा."

मी चाचांना तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते स्वतःच आले, हातात बोंडांची पिशवी. संपादकांसमोर बसले आणि शेंगा सोलाव्यात तशी बोंडं फोडायला लागले.

"साहेब, गावात दुकान एकच हाये. 'एका' लिहिलं तं लहान पोट्टे भी हासतीन. रेशन दुकानदाराची बातमी देल्ली, मास्तरची देल्ली, सरपंचाची देल्ली. तवा नाव छापलं ना? मंग माह्यंच काऊन झाकता?"

"चाचा, बियाणं काय तुम्ही बनवलं का? दोष कंपनीचा."

"कंपनी कोनं पाह्यली? लोकाइनं मले पाह्यलं. 'चाचा म्हनतात तं चांगलंच असन,' म्हनून नेलं त्याइनं."

टेबलावरच्या प्रुफावर एक अळी चालत निघाली होती. संपादक तिच्याकडे बघत राहिला. मला राहवलं नाही. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "साहेब, हा माणूस स्वतःचं नाव छापा म्हणतोय. तेवढंही आपल्याला जमत नसेल तर पेपर कशाला काढायचा?" आवाज चढल्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. संपादकानं अळी कागदानं उचलून खिडकीबाहेर टाकली आणि म्हणाला, "छापा. नावासकट."

बातमी छापली. ज्या हातांनी ती लिहिली त्याच हातांनी चाचांनी दुसऱ्या दिवशी गावात अंक वाटले, एक घर न सोडता. लोक दुकान फोडतील, बोलणं टाकतील, म्हाताऱ्या माणसावर हात उचलतील, काय काय दिवसभर माझ्या मनात येत होतं. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "कोनी काई बोललं नाई. वाचलं अन् घडी करून ठेवलं." ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. पुढे कृषी खात्याचे लोक आले, चौकशी करून गेले. चाचांनी दुकानाला कुलूप लावलं. बातम्या मात्र पाठवत राहिले.

पेरणीचे दिवस आले. एके सकाळी मी कचेरीत पोचते न पोचते तोच त्यांचा फोन.

"ताई, लोकं दुकानापुढं येऊन बसून राह्यले. शटर उघडा म्हनतात."

"कशाला?"

"बियानं द्या म्हनतात. म्या म्हनलं, बाबाहो, मोताळ्याले जा, नांदुऱ्याले जा, माह्यावर भरोसा ठेवू नका. पेपरात वाचलं नाई का? तं म्हनतात, वाचलं म्हनूनच आलो. जो सोताचं नाव छापते तो आपल्याले फसवनार नाई."

जिंकलात, चाचा, असं मी म्हणणार होते. पण त्यांचा आवाज काही जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"ताई, मी सगळीकडं फोन करून पाह्यले. बजारात दुसरं बियानंच नाई. पाकिटं नवे, आत तेच. तुमच्याकडं पुन्या-नागपूरच्या बातम्या येतात. काय देऊ मी त्याइले?"

माझ्यापुढे बातम्यांचा ढीग पडला होता. तो मी बाजूला सारला. मी म्हटलं, "मग देऊ नका, चाचा. काहीच देऊ नका."

पलीकडून माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी शटर हलवत होतं.

"अन् मंग ते पेरतीन काय?" त्यांनी विचारलं.