आप्पांनी घासलेलं पिंप

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर वडगावातल्या रंगखान्याच्या आप्पांचे. सूत रंगवायचा तो कारखाना त्यांचाच, पण त्यांना घाण म्हणून सहन होत नसे. खांद्यावरच्या टॉवेलानं ते स्वतःचा घाम कमी आणि बॉयलर जास्त पुसत.

आमच्या घरात दोन माग दिवसभर खडखडायचे. अभ्यासाला आप्पांनी बॉयलरशेजारची खोली दिली, आणि घरातला पहिला पदवीधर मी तिथं बसून झालो. पुढं संशोधनासाठी धूर हवा होता. बाकी कारखानदारांनी दारातूनच परत पाठवलं. आप्पा म्हणाले, "धूर व्हय? ने की लागंल तेवढा. आमी काय साठवून ठेवतोय त्यो?"

बॉयलरच्या धुरात नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड असतात. धूर थंड करून मी एका पिंपात सोडत असे. आतल्या प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढवलेले जंतू त्या ऑक्साइडांचा साधा, निरुपद्रवी नायट्रोजन करत. जंतूंचा थर धरायला कित्येक महिने गेले. आप्पा येईल त्याला पिंपाजवळ उभं करून सांगत, "आमच्या पोराची जनावरं हायत आत. धूर खात्यात."

खंडेनवमीला रंगखान्यातलं प्रत्येक यंत्र धुऊन पुजतात. मी सकाळी पोचलो तर पिंपाला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि आतल्या चकत्या पांढऱ्याशुभ्र.

"लई बुळबुळ साचलीती रं. ब्लीचिंग टाकून सोताच्या हातानं घासलोय," आप्पा हसत म्हणाले. मग माझा चेहरा बघून हळूच, "जंतू डोळ्यास्नी दिसत न्हाईत म्हणालतास की. ह्ये तर दिसत हुतं."

कॉलेजातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तो थर दाखवला होता. शेजारी उभ्या आप्पांना एकदाही 'या, बघा' म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी रंगखान्यात गेलो की आप्पा दुसऱ्या दारानं बाहेर पडत. घरी गेलो तर त्यांच्या पत्नी, आक्का, म्हणाल्या, "न्हाईत रं घरात." त्यांच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. मान खाली घालून परत आलो आणि पत्र लिहिलं.

"आप्पा, नमस्कार. पिंपात पुन्हा थर धरू लागलाय. एकटा जंतू दिसत नाही, पण असंख्य जंतू एकत्र राहिले की अशी बुळबुळ होते. हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुम्हाला काय कळणार, असं मला वाटलं, त्याची लाज वाटते. रविवारी सकाळी झाकण उघडणार आहे. तुम्ही आल्याशिवाय उघडणार नाही. तुमचा हात धरून त्या थरावर ठेवायचाय. टॉवेल तेवढा घरी ठेवून या."