रुमालाखालचा हात

"आधी हाणायचं, मग इचारायचं."

हे आमच्या शेजारच्या आबांचं वाक्य. ते कानावर पडायच्या आधी बहुधा चापट पडलेली असायची. नाव सांगत नाही. त्यांचे भाऊबंद अजून गावात आहेत आणि त्यांचाही हात चालतो. तुमच्या आळीतही असा एखादा असेल, ज्याच्या दारावरून जाताना सायकलची घंटी वाजवावी की नको असा प्रश्न पडतो.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या अलीकडं, उसाच्या रानात. माझी दुधाची डेअरी आणि आबांच्या घोडीचा गोठा यांच्यात एकच भिंत. सकाळी किटल्या वाजल्या की पलीकडून आवाज यायचा, "हळू ठिव की रं! घोडी निजलीय."

"आबा, घोडी उभी हाय."

"उभ्यानंच निजती ती. तुला काय कळतंय, तू म्हशीचा माणूस."

घोडी पांढरी होती, टांग्याची. आमच्या जत्रेत माळावर टांग्यांची शर्यत होते. दोन चाकांची हलकी गाडी, एक घोडा, एक हाकणारा, आणि लिंबाच्या झाडाला वळसा घालून परत. दिसायला साधी गोष्ट. पण तिच्यावर पैजा लागायच्या, आणि पैजेवाली माणसं गाड्या भरभरून यायची. आबांना त्यांचा भयंकर राग. घोडा काळा की पांढरा हेसुद्धा त्यांना सांगता येत नाही, म्हणायचे.

एका जत्रेत आबांची घोडी पुढं होती. वळणावर एकानं तिच्या तोंडावर मिरचीची पूड फेकली. दुसऱ्या घोड्यावर पैसे लावलेला माणूस तो. घोडी किंचाळली, टांगा उलटला, आबा चाकाखाली गेले. कमरेचं हाड मोडलं होतं. तरी हा माणूस मातीतून सरपटत गेला, पळणाऱ्याचा पाय ओढून त्याला पाडलं आणि त्याचा अंगठा दातांत धरला. आम्ही सगळ्यांनी ओढलं तरी सोडेनात. शेवटी तोंडावर कळशीभर पाणी ओतलं तेव्हा दातखीळ सुटली. अंगठा लोंबत होता.

फौजदारानं विचारलं, "अंगठा का चावला हो?"

"नरडं लांब हुतं," आबा म्हणाले.

घोडीचा एक डोळा गेला. त्या दिवशी तिच्या मानेला मिठी मारून ते असे हंबरडा फोडून रडले, की भिंतीअलीकडं माझ्या हातातलं दूध सांडलं. मला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

पुढं शर्यतीची परवानगी अटींवर मिळायला लागली. चाबूक नाही, काठी नाही, जुगार नाही. जुगार सापडला तर शर्यत कायमची बंद. ग्रामसभेत त्यावर रणकंदन झालं. एक गट म्हणे, पैजेनं घरं बुडाली, शर्यतच नको. उपसरपंच म्हणाले, "पैज न्हाई तर मानसं येनार न्हाईत. मानसं न्हाईत तर बक्षीस कोन लावनार? आन बक्षीस न्हाई तर घोडा कोन पाळनार? तुमीच सांगा."

ह्यात खोटं काही नव्हतं. आबा काठी टेकत उठले. "घोडा पळतो ते त्याच्या अंगात हाय म्हनून. तुमची पैज त्याला कुटं ठावं?"

"आबा, शर्यत आन पैज म्हंजी नवरा-बायको हायती."

"मग काडीमोड करू," म्हणत आबांनी उपसरपंचांच्या कानफटात दिली. सभा तिथंच संपली. पण पैज बंद करून शर्यत ठेवायची, हे मात्र ठरलं.

तेव्हापासून आबा चाबूक घेऊन जत्रेत फिरू लागले. मी म्हटलं, "अहो, चाबूक बंद झालाय."

"घोड्यावर बंद हाय. मानसावर कुटं हाय?"

उघडी पैज थांबली आणि रुमालाखाली गेली. जनावरांच्या बाजारात दलाल कसा सौदा करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची, आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचा. जुगाऱ्यांनी तीच रीत उचलली. मग आबांनी तालमीतली पोरं जमवली, त्यांना काठ्या दिल्या आणि शिकवलं, "रुमाल दिसला का हात मोडायचा. तोंड बघायचं न्हाई. तोंड बघितलं की वळख निघती, आन वळख निघाली की हात थांबतो."

पोरांनी ते मनापासून ऐकलं. त्या जत्रेत कितीकांची मनगटं सुजली, आणि आबा मिशीत हसत होते.

पण कमरेनं त्यांना हळूहळू बसवलं. वैरणीचा भारा उचलवेना. घरात दुसरं कुणी नव्हतं. आपल्यामागं ही घोडी कुणा पैजेवाल्याच्या हाती पडेल आणि तो एका डोळ्यानिशी तिला चोरून शर्यतीत पळवेल, हाच एक घोर त्यांना लागला. मग राहात्याकडचा एक माणूस सापडला. वरातीसाठी घोड्या पाळणारा, स्वभावानं गरीब. आबा मला म्हणाले, "नवरदेव बसवील. वाजंत्री, फुलं, फेटे. कुनी मारनार न्हाई तिला." एवढं बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मी दुसरीकडं पाहिलं.

तो माणूस दलालाला घेऊन जत्रेच्या दिवशीच आला. तो मंडपात टेकला, आणि दलालानं मंडपामागं घोडीजवळच सौदा सुरू केला. आता आबांच्या बापाची एक शिकवण होती. जनावरापुढं त्याचा भाव तोंडानं काढायचा नाही. त्याच्या कानावर पडतो, त्याला लागतं. म्हणून आबांनी, हो, आमच्या आबांनी, आपला हात दलालाच्या रुमालाखाली घातला.

मी पाहुण्यांच्या चहाचं दूध घेऊन तिकडंच निघालो होतो. माझ्यादेखत पोरं मागून आली, नजर रुमालावरच. पहिली काठी रुमालावर बसली. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दलाल पळाला. दुसरी काठी डोक्यात बसली, फेटा तोंडावर आला, आबा कोसळले. मग लाथा. पोटात, बरगडीत, कमरेत. ते ओरडत होते, पण भोंग्यावर शर्यतीचा पुकारा चालला होता. पोरांनी तोंड पाहिलं नाही. मी किटली फेकली आणि बोंबललो, "अरं मुडद्यांनो, आबा हायती ते!"

फेटा सरकला. एका पोराच्या हातातली काठी गळून पडली. दुसरा तिथंच ओकला.

घोडी सुटलेली होती. तिला पळून जाता आलं असतं. पण आबा तिच्या पायांतच पडले होते, आणि ती चारी पाय रोवून उभी होती. एक खूर तिनं हलवला नाही.

तेवढ्यात हवालदार आला. आम्हा सगळ्यांना कळून चुकलं. खरं सांगितलं तर पोरं आत जातात. एकाची पोलीसभरतीची तयारी चालली होती, एकाचं लग्न ठरलं होतं. पैजेवाल्यांनी मारलं म्हणावं, तर पोरं सुटतात, पण जुगार सापडला म्हणून शर्यत कायमची जाते. गलका ऐकून राहात्याचा माणूसही मंडपातून येऊन बाजूला उभा राहिला होता. आबांनी एकदा पोरांकडं पाहिलं, एकदा माळाकडं.

"घोडीनं लाथ मारली," ते म्हणाले. तोंडातून रक्त येत होतं.

"बोटांवर पन?"

"बोटांवर पन."

"आन डोक्यावर?"

"लई तापट हाय, सायेब. आधीपास्नंच."

लाथा मारणाऱ्या घोडीवर नवरदेव कोण बसवणार? राहात्याचा माणूस निघून गेला. आबा त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मला त्या क्षणी पोरांचा, शर्यतीचा, आणि आबांचाही संताप आला.

टेम्पोत घालून नगरला नेताना त्यांनी माझी बाही धरली. "मी बोललो ते घोडी ऐकत हुती का रं?"

"न्हाई आबा. भोंगा चालू हुता."

"बरं झालं," म्हणाले.

पोटात रक्त साठलं होतं. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. शर्यत मात्र त्या दिवशी झाली, वेळेवर झाली.

पुढच्या वर्षीही झाली. पोलिसांना एक रुमाल सापडला नाही, पण माणसंही निम्मीच आली. उपसरपंच नुसते गाल चोळत बसले. त्यानंतरच्या वर्षी परवानगी आली, घोडे आले नाहीत. बरेचसे वरातीला गेले होते.

आबांची घोडी मी माझ्याकडं बांधली. दुसरं कोण घेणार? जिनं माणूस मारला ती घोडी, अशी तिची ख्याती पार काष्टीच्या बाजारापर्यंत पोहोचली आहे. त्या पोरांतला एक रोज पहाटे हिरव्या चाऱ्याची पेंढी भिंतीशी टाकून जातो. मी ती उचलून घोडीपुढं टाकतो.

परवा तो बायकोसोबत दूध घालायला आला. बायकोच्या कडेवर लेकरू होतं. ते घोडीकडं हात पसरून झेपावत होतं, आणि घोडी आपला चांगला डोळा त्याच्याकडं वळवून उभी होती. बायकोनं लेकराला झटक्यात मागं ओढलं. "नगं रं माज्या बाबा, तिनं आबाचा जीव घेतलाय. व्हय का न्हाई वो?"

मी मापातलं दूध तसंच धरून त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो.

"व्हय," तो म्हणाला. "लांबच ठिव त्याला."