सगळ्यांचीच टेस्ट

धाकटा भाऊ शिकायला म्हणून न्यूझीलंडला आला, नोकरीला लागला आणि हेन्डरसनला आमच्याकडेच राहिला. २०१४च्या सुमारास, ऐन थंडीत, त्याला खोकला लागला. ताप येई, वजन उतरलं, आणि एक दिवस चार पायऱ्या चढताना श्वास पुरेना. हॉस्पिटलात ठेवलं. मी आईच्या जागी. खुर्चीत बसले ती उठायचं नाव नाही.

डॉक्टरबाई रोज यायच्या. "इंडियाला शेवटचे कधी गेला होतात? घरात कोणाला टीबी?" थुंकीच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, त्याला वेगळ्या खोलीतून दोघांच्या खोलीत हलवलं, तरी टीबी काही बाईंच्या डोक्यातून जाईना. औषध लागू पडत नव्हतं. हा आपल्या हातून जातो की काय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता. एकदा मी उठायला लागले तर बाई प्रेमानं म्हणाल्या, "बसा, बसा. तुमच्या कल्चरमध्ये फॅमिली जवळ लागते, मला माहीत आहे." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग शेजारच्या खाटेवर एक गोरा माणूस आला. तोच खोकला, तीच धाप. याच बाई आल्या. आधी त्याच्या बायकोला बाहेर पाठवलं, पडदा ओढला. कापडी पडदा तो, सगळं ऐकू येत होतं. शरीरसंबंधांबद्दल विचारलं, अगदी सरळ. मग म्हणाल्या, "एचआयव्हीची टेस्ट करू या. अशा आजारात आम्ही सगळ्यांचीच करतो."

सगळ्यांचीच! मी भावाकडे पाहिलं. तो त्या पडद्याकडे बघत होता. नजरानजर होताच पाण्याच्या भांड्याकडे बघायला लागला. ज्याला मी न्हाऊमाखू घातलं तो माझ्यादेखत बोलणार काय, कपाळ?

बाई आमच्याकडे वळल्या. "सो, इंडियाला शेवटचे..."

माझं डोकंच फिरलं. "मला बाहेर काढा," मी म्हटलं.

"नो, नो, तुम्ही फॅमिली आहात."

"मग त्यांची बायको कोण होती? तिला काढलंत तसं मलाही काढा. पडदा लावा. आणि त्यांना जे विचारलंत ते सगळं ह्याला विचारा."

बाहेर आले ती रागातच. त्या माणसाला आल्या दिवशी आपसूक मिळालं, ते आमच्या पोराला मरायला टेकल्यावरही भांडून मागावं लागलं. त्याची बायको बाकावर बसली होती. "तुम्हालाही हाकललं?" तिनं विचारलं.

"मागून घेतलं," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही.

टेस्ट झाली, औषध बदललं. काय निघालं ते मी विचारलं नाही. ताप उतरला, तो दोन घास जेवायला लागला. पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा मी न सांगताच उठले. भावानं माझी ओढणी धरली.

"ताई, बस," तो म्हणाला. "आता मी म्हणतोय."