गोदीची उलटतपासणी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर माझे सगळे दोष पाठ आहेत.

मेहकरात मला तर्कशुद्ध माणूस म्हणून ओळखतात. म्हणजे — मीच तशी ओळख करून दिली आहे. अंगात येणाऱ्यांना भर चौकात दोन प्रश्न विचारून गप्प बसवलं आहे. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांसाठी उभारलेल्या कमानींवर उघड हसलो आहे. याचा मला अभिमान वाटतो. का वाटू नये?

पण आमच्या घरात एक गोष्ट होती. वडील शाळामास्तर. डिप्टीसाहेब तपासणीला येणार म्हटलं की आठ-आठ दिवस त्यांना कोणीतरी हाक मारायचं. रिकाम्या अंगणाकडे पाहून ते "आलो" म्हणायचे. साहेब गेले की हाकही जायची. मला त्यांचं नाक मिळालं, आवाज मिळाला, आणि — हेही मिळालं. वकिलीच्या परीक्षेआधी भर दुपारी विहिरीकडून माझं नाव ऐकू यायचं. स्वच्छ, माणसाच्या गळ्यातून यावं तसं. एकदा मी ओ दिली. धाकटी बहीण गोदी तिथंच धुणं वाळत घालत होती. तिनं पाहिलं, आणि पुढचा पिळा झटकला. परीक्षा झाली, हाक थांबली.

पुढं चार वर्षांनी गोदी मास्तरीण व्हायच्या परीक्षेला बसणार होती — आमच्या आळीतली पहिली. आठवडा उरला आणि तिलाही हाका येऊ लागल्या. तिनं लपवलं नाही. आई रडली. डोणगावहून मामा धावत आले.

"पुस्तकं चढली पोरीच्या डोक्यात. बंद करा थे परीक्षा!"

गोदी माझ्याकडे वळली. "दादा, सांग ना यायले. तुलेबी येत होती ना हाक? परीक्षा झाली अन् गेली."

एक 'हो' पुरलं असतं. पण दारावर वकिलीची पाटी नवी होती, आणि मामांच्या पोटात काही राहत नसे. मग मी — मी काय केलं? उलटतपासणी घेतली. मी ओ दिली तेव्हा माझं तोंड दिसत होतं का? नाही, पाठ होती. भिंतीपलीकडे शेजारी नव्हते, हे तू पाहिलंस? नाही. मग मी त्यांनाच ओ दिली नसेल कशावरून?

मामा खदखदून हसले.  मग गोदी माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग मलेच तसं वाटलं असन."

कोर्टात इतकी सफाई मला पुन्हा साधली नाही. आज लिहितानाही त्या सफाईचं कौतुक वाटतं — हेही कबूल करतो.

पुस्तकं मामांनी नेली. गोदीला हाक पुन्हा आली नाही. परीक्षेला ती कधीच बसली नाही. मला मात्र मोठ्या खटल्याआधी अजून येते.

ती माहेरी आली की आळीतल्या बायका जमतात. कोणी वकिलांच्या जातीवर तोंड सोडलं, की गोदी मान ताठ करून सांगते, "दुसऱ्यायचं सोड. आमचा दादा खोटं बोलत नाही."

मी ओसरीवर बसलेला असतो. ऐकतो.